कुठल्या ओळीवरून?

बारावीच्या वर्गात इंग्रजी कविता शिकवताना मी एकच प्रश्न सतत विचारत असते. कवितेतला बाप दुःखी आहे, असं एखादी मुलगी म्हणाली, की मी विचारते, "कुठल्या ओळीवरून?" कवीला निसर्ग आवडतो, असं एखादा मुलगा म्हणाला, की पुन्हा तेच, "कुठल्या ओळीवरून?" जूनमध्ये हा प्रश्न कानावर पडला की मुलं गप्प होऊन खाली बसतात. दिवाळीच्या सुमारास तीच मुलं एकमेकांना तो विचारू लागतात, आणि मी एखादं विधान केलं तर मलाही सोडत नाहीत. त्या दिवशी मला वाटतं, वर्ग मार्गी लागला.

मी कर्जतच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात कला शाखेला इंग्रजी शिकवते. कर्जत म्हणजे मध्य रेल्वेवरचं बोरघाटाच्या पायथ्याचं स्टेशन. मुंबईपासून सुमारे 100 किलोमीटर दूर असूनही लोकल इथवर येते. त्यामुळे माझ्या वर्गात काही मुलं अशी असतात, ज्यांचे वडील पहाटेची गाडी धरतात आणि रात्री उशिरा घरी येतात. काही आजूबाजूच्या भातशेतीच्या गावांतून एसटीने येतात. काही डोंगरालगतच्या ठाकूरवाड्यांतून आणि कातकरवाड्यांतून बरंच अंतर चालून येतात. बहुतेक सगळी मराठी माध्यमातली. राज्यात 2000 सालापासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आहे, म्हणजे माझ्यासमोर येईपर्यंत या मुलांनी अकरा वर्षं हा विषय अभ्यासलेला असतो. तरीही स्वतःच्या मनातलं एक वाक्य इंग्रजीत बोलायची वेळ त्यांतल्या कित्येकांवर कधी आलेलीच नसते.

वर्गात दोन गट आधीपासूनच पडलेले असतात, इंग्रजी येणारी आणि इंग्रजी न येणारी. ही वाटणी मुलांनी सहावी-सातवीतच कधीतरी मनाशी मान्य करून टाकलेली असते. धड्याच्या तासाला ती आणखी घट्ट होते. धडा सहा-सात पानांचा असतो. ज्याला भराभर वाचता येतं तो पुढे जातो. ज्याला येत नाही तो दुसऱ्या परिच्छेदात अडकून पडतो आणि शेवटी शेजारच्याचं उत्तर उतरवून घेतो.

कवितेच्या तासाला मात्र ही वाटणी टिकत नाही, हा माझा अनुभव आहे. कविता बारा ओळींची, चोवीस ओळींची. सगळीच्या सगळी एकाच वेळी फळ्यावर मावते. ती एकदा वाचून कुणालाच पुरती कळत नाही, इंग्रजी माध्यमातून आलेल्यालाही नाही, त्यामुळे सगळ्यांनाच पुन्हा पुन्हा वाचावी लागते. आणि दहा वेळा वाचलेल्या चोवीस ओळींत कुणाला काय दिसेल, हे त्याचं इंग्रजी किती सफाईदार आहे यावर ठरत नाही.

म्हणून मी कविता फळ्यावर हाताने लिहिते. मुलं ती वहीत उतरवून घेतात. त्यात अर्धा तास जातो, पण लिहिताना प्रत्येक शब्द हाताखालून जातो. कवीचं नाव मी लिहीत नाही. ही पद्धत माझी नव्हे. केंब्रिजमधले आय. ए. रिचर्ड्स विद्यार्थ्यांना कवीचं नाव न सांगता कविता वाचायला देत आणि त्यांची मतं लिहून घेत. त्यातून 1929 साली त्यांचं 'प्रॅक्टिकल क्रिटिसिझम' हे पुस्तक आलं. एम. ए. करताना ते अभ्यासाला होतं. तेव्हापासून माझ्या मनात होतं, की ही गोष्ट केंब्रिजमध्ये जमते तर कर्जतला का जमू नये? नाव दिसलं की मुलं 'महान कवी' म्हणून मोकळी होतात. नाव नसलं की समोर फक्त कविता उरते.

आमच्या बारावीच्या 'युवकभारती'त आठ कविता आहेत. त्यांत वॉल्ट व्हिटमन, लॉर्ड बायरन, रॉबर्ट साउदी आहेत आणि सरोजिनी नायडू, दिलीप चित्रे, ममांग दाई हेही आहेत. मी सुरुवात सरोजिनी नायडूंच्या 'इंडियन वीव्हर्स'पासून करते. 1905 साली प्रसिद्ध झालेल्या 'द गोल्डन थ्रेशोल्ड' या त्यांच्या संग्रहातली ही कविता तीन कडव्यांची आहे आणि तिच्यात फक्त बारा ओळी आहेत. प्रत्येक कडव्यात विणकरांना प्रश्न आहे आणि त्यांचं उत्तर आहे. पहाटे ते तान्ह्या बाळाचं वस्त्र विणतात, संध्याकाळी राणीच्या लग्नाचा शेला आणि रात्री थंडगार चांदण्यात मृताचं कफन.

जन्म, लग्न, मरण हा क्रम मुलांना लगेच कळतो. गाईडमध्येही तोच लिहिलेला असतो. मी म्हणते, हे सगळ्यांना दिसलं. आता असं काही सांगा, जे परत परत वाचल्यावर दिसतं. एका वर्षी मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. ठाकूरवाडीतून येणारी, वर्षभरात दोन-तीनदाच बोललेली. मराठीतच म्हणाली, "मॅडम, पहिल्यात खंड्या आहे, दुसऱ्यात मोर आहे. तिसऱ्यात पक्षीच नाही. नुसतं पीस."

वर्गाने पुन्हा फळ्याकडे पाहिलं. खरंच होतं. पहिल्या दोन कडव्यांत कापडाच्या रंगासाठी पक्ष्यांची उपमा आहे आणि दोन्ही ठिकाणी पक्ष्याचं नाव आहे. तिसऱ्यात पांढऱ्या रंगासाठी पीस आहे, पण ते कुणाचं याचा उल्लेखच नाही. पक्षी उडून गेलेला आहे. ही गोष्ट मी कुठल्या समीक्षेत वाचली नव्हती. त्या मुलीला 'सिमिली' हा शब्द नीट उच्चारता येत नव्हता, पण उपमेचं काम तिला आमच्या सगळ्यांच्या आधी दिसलं होतं. ती पक्षी ओळखणारी मुलगी होती. खंड्याला इंग्रजीत काय म्हणतात ते मी तिला सांगितलं. खंड्या कसा असतो, ते तिला मी सांगायची गरज नव्हती.

अलंकारांच्या बाबतीत मी एक गोष्ट आग्रहाने करते. मुलांनी मराठीच्या तासाला उपमा, रूपक, अनुप्रास, चेतनगुणोक्ती, अतिशयोक्ती हे सगळं शिकलेलं असतं. इंग्रजीच्या तासाला त्यांना वाटतं, ही 'फिगर्स ऑफ स्पीच' म्हणजे नवंच काहीतरी. पहिल्या आठवड्यात मी फळ्याच्या एका बाजूला मराठी नावं आणि दुसऱ्या बाजूला इंग्रजी नावं लिहून घेते. आपल्याला यातलं निम्मं तरी आधीच येतं, हे कळल्यावर मुलं सैलावतात. त्यानंतर माझी अट एवढीच, की नुसतं नाव सांगून बसायचं नाही. उपमा ओळखली, ठीक. त्या उपमेने काय केलं? ती काढून टाकली तर कवितेतून काय जाईल?

व्हिटमनच्या 'साँग ऑफ द ओपन रोड'ला यमक नाही म्हणून मुलं अडतात. तेव्हाही मराठीच मदतीला येते. अनिलांनी मराठीत मुक्तछंद रुजवला आणि नारायण सुर्व्यांची कविता मुलांच्या कानावरून गेलेली असते. यमक नसताना कविता कशाने बांधली जाते, हा प्रश्न घेऊन मुलं व्हिटमनकडे परत जातात आणि एकाच धाटणीने सुरू होणाऱ्या ओळी त्यांची त्यांनाच सापडतात.

साउदीच्या 'इंचकेप रॉक'ला मात्र यमक आहे, ताल आहे, गोष्ट आहे. स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्याजवळ पाण्याखाली लपलेला एक खडक. तिथल्या मठाधिपतीने खलाशांना सावध करण्यासाठी त्यावर घंटा बांधलेली असते. रॅल्फ नावाचा चाचा निव्वळ असूयेपोटी ती कापून टाकतो आणि पुढे त्याचंच जहाज त्या खडकावर आपटून बुडतं. हा खडक खरोखरच आहे. रॉबर्ट स्टीव्हन्सन यांनी त्यावर बांधलेला दीपस्तंभ 1811 साली उजळला आणि आजही उभा आहे. ही कविता आम्ही बाकावर ठेका धरून एका सुरात म्हणतो. ज्यांना एकट्याने इंग्रजी वाचायची भीती वाटते, त्यांचा आवाज या कवितेत पहिल्यांदा बाहेर येतो.

ठेका जमल्यावर मी विचारलं, जहाज कशामुळे फुटलं? सगळे म्हणाले, वादळामुळे. कुठल्या ओळीवरून? पानं उलटली गेली. मग एका मुलाने हात वर केला. "मॅडम, वादळ दिवसभर होतं. संध्याकाळी वारा पडला. जहाज फुटलं ते वारा पडल्यावर." त्याने ओळ दाखवली. सुरुवातीला समुद्र शांत, शेवटीही वारा शांत. म्हणजे त्या रात्री समुद्राने मुद्दाम काही केलेलं नाही. नुसती घंटा वाजली असती तर जहाज वाचलं असतं. 'करावं तसं भरावं' हे तात्पर्य वर्गाने आधीच लिहून ठेवलं होतं. पण साउदीने ते कसं उभं केलं, वादळाला मुद्दाम कसं बाजूला सारलं, हे त्या एका ओळीमुळे कळलं. तात्पर्य सगळ्या गोष्टींना असतं. कवितेचा अभ्यास त्याच्या अलीकडे, या 'कसं'मध्ये असतो.

वर्षातले सगळ्यांत जास्त तास मी देते ते 'फादर रिटर्निंग होम' या कवितेला. चोवीस ओळी, बारा-बाराचे दोन भाग. संध्याकाळची उशिराची लोकल, मुक्या प्रवाशांमध्ये उभा असलेला थकलेला बाप, पावसाने भिजलेले कपडे, चिखलाचा डाग पडलेला रेनकोट, पुस्तकांनी फुगलेली आणि फाटत आलेली बॅग. दुसऱ्या भागात तो घरी येतो, पाणचट चहा पितो, शिळी पोळी खातो, पुस्तक वाचतो आणि झोपी जाताना रेडिओची खरखर ऐकतो.

कवीचं नाव न सांगता ही कविता फळ्यावर लिहिली, की कर्जतच्या वर्गात एक गोष्ट घडते. लोकलचं वर्णन मला समजावून सांगावं लागत नाही. पिवळा उजेड, एकमेकांशी न बोलणारी माणसं, रूळ ओलांडून बोळात शिरणं, चिखलाने चिकटणाऱ्या चपला, हे निम्म्या वर्गाने पाहिलेलं असतं. पण याच कारणाने ही कविता अवघडही होते. मुलं कवितेतला बाप सोडून आपापल्या बापाबद्दल बोलू लागतात. ते बोलणं मी थोडा वेळ चालू देते, कारण ते खरं असतं. मग पुन्हा फळ्याकडे बोट दाखवते.

एका वर्षी चर्चेला तोंड फोडलं ते एका मुलाच्या शंकेने. तो म्हणाला, "मॅडम, सांगणारा पोरगा तर गाडीत नाही. मग त्याला बाप गाडीत कसा उभा आहे ते दिसतं कसं? आणि बाप मोरीत हात धुतोय, तेव्हा मनगटावरचे केससुद्धा दिसतात. हा नक्की आहे कुठे?"

मी उत्तर दिलं नाही. वर्गाला विचारलं. एक जण म्हणाला, तो कल्पना करतोय. एक मुलगी म्हणाली, त्याने एकदा बापाला गुपचूप पाहिलं असेल. तिसरा म्हणाला, आता तो स्वतः मोठा झालाय, त्याच गाडीने जातो, म्हणून त्याला कळतंय. तिघांनाही मी तोच प्रश्न विचारला आणि सगळे ओळी शोधायला लागले. त्यातून दिसलं, की सांगणारा 'मी' म्हणून अख्ख्या कवितेत दोनदाच समोर येतो, बाप गाडीतून उतरताना आणि घरी चहा पिताना. जवळजवळ सगळी क्रियापदं वर्तमानकाळातली आहेत, म्हणजे हा एका रात्रीचा प्रसंग नसून रोजचा आहे.

आणि मग पहिल्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "सुरुवातीला तो माझा बाप म्हणतो. शेवटी मात्र त्याची मुलं म्हणतो. बापाशी न बोलणारी ती मुलं. त्यांत हा पण असणार ना? मग स्वतःला वेगळं का काढलं?"

मी खडू खाली ठेवला. एवढ्या बारकाईने वाचलेलं ऐकण्यासाठीच तर आपण वर्गात जातो. तो अपराधी वाटून घेत असेल, असं कुणी म्हणालं. आता त्याला त्या मुलांच्या बाहेर उभं राहून बापाकडे बघता येतंय, असं दुसरं कुणी म्हणालं. दोन्ही अर्थांना ओळींचा आधार होता, म्हणून दोन्ही फळ्यावर लिहिले. कवितेचा एकच बरोबर अर्थ नसतो, हे मुलांना आवडतं. पण त्याचबरोबर हेही समजावं लागतं, की कुठलाही अर्थ चालत नाही. ज्याच्यामागे ओळ उभी करता येते, तोच चालतो.

पुढच्या तासाला मी आवाज शोधायला सांगितले. या कवितेत कोण कोण बोलतं? मुलांनी यादी करायला घेतली आणि यादी होईचना. गाडीतले प्रवासी मुके, मुलं अबोल. रेडिओ लागलेला आहे, पण त्यातूनही माणसाचा आवाज येत नाही, नुसती खरखर. संपूर्ण कवितेत कुणीच कुणाशी बोलत नाही. बापाची सोबत म्हणावी तर एक पुस्तक. हे कळल्यावर 'एकटेपणा' हा शब्द, जो गाईडमध्ये पहिल्याच ओळीत छापलेला असतो, त्याला वर्गात पहिल्यांदा वजन आलं. कुणीतरी 'इंडियन वीव्हर्स'चं पान उघडलं आणि रंगांची तुलना केली. तिथे निळा, जांभळा, हिरवा. इथे पिवळसर, काळा, करडा, तपकिरी. एका वहीत या दोन याद्या शेजारी शेजारी लिहिलेल्या मी पाहिल्या. त्या मुलाला कुणी तसं सांगितलेलं नव्हतं.

कवितेचा शेवट मुलांना नेहमी कोड्यात टाकतो. थकलेला बाप झोपताना आपल्या पूर्वजांचा आणि नातवंडांचा विचार करतो, आणि त्याच्या मनात येतात एका अरुंद खिंडीतून उपखंडात शिरलेल्या भटक्या टोळ्या. लोकलने घरी आलेल्या माणसाला हे कुठून सुचलं? इतिहास घेतलेली मुलं खैबर खिंड म्हणतात. नकाशा दाखवला जातो. पण म्हणून कवितेत ते का आलं, याचं उत्तर मिळत नाही.

त्या वर्षी ते दिलं एका कातकरी मुलाने. त्याच्या घरची माणसं भाताची कामं संपली की वीटभट्टीवर जातात आणि पावसाळ्याच्या तोंडाशी परततात. तो फार सावकाश, शब्द जुळवत बोलला. "ती माणसं पण घर सोडूनच आली होती. पण ती सगळी एकत्र चालत होती. बायका, पोरं, गुरं, सगळी. हा रोज घरी येतो, पण याच्यासोबत कुणी चालत नाही. म्हणून याला ती आठवतात."

मी त्यालाही विचारलं, कुठल्या ओळीवरून? त्याने आधी शेवटची ओळ दाखवली, मग गाडीतल्या मुक्या प्रवाशांची ओळ आणि मग अबोल मुलांची. तीन ओळी जोडून त्याने आपलं म्हणणं उभं केलं. वर्गाच्या लेखी तो 'इंग्रजी न येणारा' मुलगा होता. त्या दिवसानंतर कविता निघाली की मुलं त्याच्याकडे वळून बघू लागली.

नाव मी सगळ्यात शेवटी सांगितलं. दिलीप चित्रे. मराठी माणूस, हे ऐकून वर्गाला आश्चर्य वाटलं. मग मी सांगितलं, 1938 साली बडोद्यात जन्म, 1951 मध्ये कुटुंब मुंबईला आलं. मराठी आणि इंग्रजी दोन्ही भाषांत कविता लिहिल्या. तुकारामांचे अभंग 'सेज तुका' या पुस्तकातून इंग्रजीत नेले. 1994 साली साहित्य अकादमीने मराठी कवितेसाठी आणि या अनुवादासाठी, असे दोन पुरस्कार एकाच वर्षी दिले. ही कविता 1980 साली आलेल्या 'ट्रॅव्हलिंग इन अ केज' या संग्रहातली. वडील पुरुषोत्तम चित्रे 'अभिरुची' नावाचं वाङ्मयीन मासिक चालवत. ते ऐकताच एक मुलगी म्हणाली, "म्हणून बॅगेत पुस्तकं!" असेल. पण मी वर्गाला एवढंच म्हटलं, की हे आपल्याला आज कळलं. कविता आपल्याला त्याच्या आधीच कळली होती, याची आठवण ठेवा.

ममांग दाईंची नदीवरची कविता आम्ही दिवाळीनंतर घेतो. त्या अरुणाचल प्रदेशातल्या पासीघाटच्या, सियांग नदीच्या काठच्या. लहान गाव, मृत्यू, विधी आणि सगळ्यांना ओलांडून वाहणारी, आत्मा असलेली नदी. कर्जत उल्हास नदीकाठी वसलेलं आहे. जुलै 2019 मध्ये उल्हासच्या पुरात वांगणीजवळ महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली होती, हे इथल्या मुलांनी जवळून पाहिलं-ऐकलं होतं. कवयित्री नदीच्या वेगाला माणसाच्या दुःखाची उपमा देते. वांगणीकडचा एक मुलगा म्हणाला, ही उपमा उलटी वाटते, आम्ही तर पुराने दुःख दिलेलं पाहिलं. मग त्यानेच पुढची कडवी पुन्हा वाचली आणि म्हणाला, "पण ही नदीला दोष देत नाही. नदीला सगळं माहीत आहे, एवढंच म्हणते." कवितेशी असहमत होऊन तिला पुन्हा वाचणं, हा अभ्यासाचा मोठा टप्पा आहे. तो त्याने एकट्याने ओलांडला.

आता परीक्षेबद्दल, कारण बारावीत तिला वगळून काही बोलता येत नाही. बोर्डाच्या 80 गुणांच्या कृतिपत्रिकेत कवितेला 14 गुण आहेत. त्यांतले 10 दिलेल्या ओळींवरच्या कृतींना आणि 4 रसग्रहणाला. रसग्रहणासाठी मुद्देही दिलेले असतात: कवी आणि शीर्षक, आशय, अलंकार आणि भाषा, संदेश आणि स्वतःचं मत. या मुद्द्यांना नावं ठेवणारे बरेच भेटतात. मला ते मुद्दे उपयोगी वाटतात. ज्या मुलाने आयुष्यात कधी इंग्रजीत मत मांडलेलं नाही, त्याला उभं राहायला आधार लागतो, आणि हे मुद्दे तो देतात. माझा सगळा आग्रह शेवटच्या मुद्द्यासाठी असतो. 'ही कविता मला फार आवडली' हे वाक्य मी स्वीकारत नाही. मत आधी मराठीत लिहा, मग छोट्या छोट्या इंग्रजी वाक्यांत आणा, आणि त्या मतासोबत कवितेतली एक जागा दाखवा. काळ चुकला, स्पेलिंग चुकलं, तर ते दुरुस्त करता येतं. स्वतःचं म्हणणंच नसेल, तर दुरुस्त करायला काही उरत नाही.

कृतींमध्ये मुलांना चार ओळी स्वतः रचायलाही सांगतात. 'फादर रिटर्निंग होम'नंतर एका मुलीने आईवर लिहिलं. तिची आई पावसाळ्यात स्टेशनबाहेर रानभाज्या विकायला बसते. तिच्या ओळींतली आई संध्याकाळी घरी येते ती बोलतच. कोण घासाघीस करत होतं, कुणी फुकट जुडी मागितली, कुणी सुट्ट्यांवरून वाद घातला. यमक जमलं नव्हतं, दोन क्रियापदं चुकली होती. पण चित्र्यांच्या कवितेत जिथे शांतता आहे, नेमकं तिथेच तिने बोलणं ठेवलं होतं. एखादी कविता कळल्याचा याहून चांगला पुरावा मला माहीत नाही.

सहकारी मला विचारतात, फेब्रुवारीत पहिलाच पेपर इंग्रजीचा असतो, अभ्यासक्रम एवढा, मग एका कवितेला इतके तास कशाला? बायरनच्या कवितेला मीही कमी वेळ देते. सगळ्या आठ कवितांना सारखा वेळ देणं शक्य नसतं. पण दोन-तीन कविता तरी अशा वाचायला हव्यात, की त्यांच्यातला प्रत्येक शब्द मुलांनी हाताळलेला असेल. नोट्स आधी आणि कविता नंतर, हा क्रम बदलायला हवा. पहिला तास फक्त लिहिण्या-वाचण्याचा असावा. शिक्षकाने पहिलं मत स्वतः देऊ नये. आणि मराठीतून सुचलेलं मराठीतून बोलू द्यावं, त्याचं इंग्रजी नंतर होतं.

या मुलांपैकी फार थोडी पुढे साहित्य शिकतील. काही नर्सिंगला जातील, काही पोलीस भरतीची तयारी करतील, काही लोकल धरतील, काही भट्टीवर जातील. त्यांच्यासमोर पुढे करारनामे येतील, जाहिराती येतील, भाषणं येतील, आणि कुणीतरी ठामपणे सांगेल, की यात असं असं लिहिलेलं आहे. तेव्हा कुठल्या ओळीवरून, असं विचारायची सवय त्यांना असावी, असं मला मनापासून वाटतं. पण कवितेचं मोल मी एवढ्यावर मोजत नाही. आपल्याला जे वाटलं ते कशामुळे वाटलं, हे दाखवता आलं की मूल स्वतःच्या वाटण्यावर विश्वास ठेवू लागतं, आणि मग त्याला बोलायचं असतं म्हणून भाषाही येते. हे मी दर वर्षी त्या वर्गात पाहते. म्हणून अभ्यासक्रम कितीही मागे पडला, तरी कवितेचे तास मी कापत नाही.